मांडवीच्या उतारावरच्या ब्रेकांबद्दल खुलासा

रत्नागिरी,
शनिवार, १८ जानेवारी १९८६

समस्त बापांनो, आणि बापांच्या गैरहजेरीत त्यांच्या मुली सांभाळणाऱ्या समस्त मामांनो!

(माफ करा, महिपतराव भावोजी. पत्राला बसलो आणि हाताने सभा सुरू केली. तीस वर्षांची खोड आहे. पण खोडायचे नाही असे ठरवतो, कारण या सभेला तुम्ही आणि मी असे दोघेच असलो तरी आपला एक वर्ग आहे आणि त्या वर्गावर अन्याय होतो आहे.) अन्याय असा की हल्लीची मुले आपल्याला विचारत नाहीत, कळवतात. आपण ज्या वयात मिशी ठेवू का म्हणून वडिलांना विचारायचो, त्या वयात तुमची मालन मला येऊन सांगते, "मामा, उद्यापासून पडवीत लेथवर लोखंड कातायचं काम चालेल, कोकमाची टोपली उचला." मी टोपली उचलतो. ज्याने भर चौकात मामलेदाराला गप्प बसवले, तो मी, कोकमाची टोपली उचलतो!

असो. नमस्कार. आमच्या बहिणीचा, येसूचा, गुडघा कसा आहे? तिला सांगा, तिच्या यमुनावहिनीने ओव्याची पुरचुंडी केली आहे, येणाऱ्याबरोबर पाठवतो. तुमच्या कानांचे काय म्हणणे? वीस वर्षे जहाजाच्या इंजिनापाशी काढल्यावर डाव्या कानाने संप करणे रास्तच आहे. उजव्या कानाने मात्र हे पत्र नीट ऐका (येसूकडून मोठ्याने वाचून घ्या, तिला माझ्या आवाजाची नक्कल चांगली येते), कारण गेल्या रविवारी मांडवीच्या उतारावर जे झाले ते तुमच्यापर्यंत कोणीतरी पोचवले असणारच. मालनने स्वतः बसवलेले ब्रेक ऐन उतारावर लागले नाहीत, असेच पोचवले असणार. बाजारात तेच बोलले जाते. पुढच्या महिन्यात मद्रासजवळ शोलावरमला मोटारींच्या शर्यतींच्या आदल्या दिवशी सरावाचा दिवस आहे, हौशी माणसांनी आपापली गाडी आणून पळवायची. तिथे मालनने जायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे आहे. "बाबांनी हो म्हटल्याशिवाय मी आंबाघाट चढणार नाही," असे ती मला दोनदा म्हणाली आहे. तुमचा निर्णय अजून व्हायचा असेल असे धरून मी खुलासा करतो.

गाडी तुमचीच. बंदराच्या कामावरचा तो साहेब विलायतेला परतताना तुम्ही ती लाल दोन माणसांची, बिनछपराची वस्तू त्याच्याकडून घेतलीत, आमच्या आवारात लावलीत आणि "दोन महिन्यांत नेतो" म्हणून बोटीवर चढलात. त्याला अकरा वर्षे झाली. झावळ्यांच्या आडोशाला यमुनाबाईच्या कोंबड्यांच्या चार पिढ्या त्या गाडीत जन्मल्या. मी तिच्याकडे बोट दाखवून कित्येकदा व्याख्यान दिले आहे, की पाहा, शंभर माणसांच्या एसटीला टायर मिळत नाही आणि दोन माणसांच्या चैनीला चार टायर! (पाचवा मागे आहे, तो तेव्हा मला माहीत नव्हता.) मत माझे अजूनही तेच आहे. फक्त ते आता थोडे हळू आवाजात मांडतो.

दोन वर्षांपूर्वी तंत्रनिकेतनात नाव घातल्यावर मालनने कोंबड्या बाहेर काढल्या आणि इंजिन उघडले. ते चालू झाले त्या दिवशी मला वाटले, संपले, आता ती पळवत सुटणार. पण ती गाडी पळवेना. ती तीन महिने गाडीखाली आडवी! मी विचारले, "अगो, इंजिन चालतंय ना?" तर म्हणाली, "मामा, पळवणं सोपं आहे. शंभरावरून तीसवर आणायची, परत शंभर, परत तीस. असं वीस-वीस वेळा. जुने ड्रमचे ब्रेक पाचव्या वेळेला तापतात आणि मग पाय दाबून काही होत नाही."

भावोजी, तुम्ही इंजिनातले जाणते, पण हे तुम्हालाही नवे असेल. जहाजाला ब्रेक नसतो. ते चार मैल आधीपासून थांबायला लागते. मला तर हे सर्वस्वी नवे होते. मी अनेक ग्रंथ वाचले, क्रांत्यांचे इतिहास वाचले, कशामुळे काय सुरू झाले ते सगळे मला पाठ आहे. सुरू झालेली गोष्ट वीस वेळा सारख्याच शिस्तीने आवरता यावी म्हणून कोणी तीन महिने पाठीवर झोपते, हे मी कुठे वाचले नव्हते.

तर डिस्कब्रेक. चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड. तबकडी उघड्यावर असते, म्हणून वाऱ्याने निवते. आमच्या आळीतले गंगाराम मालनबरोबर तुमच्या मुंबईला जाऊन भंगारबाजारातून एका थोराड विलायती गाडीचे हे सामान घेऊन आले. (गंगाराम म्हणजे एसटीच्या डेपोत अठ्ठावीस वर्षे ब्रेक बसवणारे. निवृत्त झाले तरी रस्त्याने जाणारी प्रत्येक एसटी ते डोळे मिटून ऐकतात, आणि "मागचा डावा गेला" असे म्हणून परत डोळे मिटतात.) तांदळाच्या गोणीत घालून एसटीच्या टपावरून आणले. पण दुसऱ्या गाडीची तबकडी आपल्या गाडीला कशी बसणार? मध्ये एक पोलादी पट्टी लागते, दोघांची सोयरीक जुळवणारी. ती मालनने स्वतः केली. पहिली केली, मोजली, फेकली. दुसरी फेकली. तिसरी मला इतकी सुबक दिसली की मी ती कागद दाबायला मागितली. तीही तिने फेकली, म्हणाली अर्ध्या मिलिमीटरने चुकली आहे. सातवी बसली. सात! मी आयुष्यात एक वाक्य दुसऱ्यांदा घासून पाहिलेले नाही. पडवीत बसून तिच्या कानशीचा आवाज ऐकताना मला प्रथमच वाटले की आपली भाषणे जरा लवकर बाहेर पडत आली.

यानंतर कर्ण्यांचे प्रकरण. मालन एकदा माझ्या खोलीत आली आणि सभेच्या दोन जुन्या कर्ण्यांकडे पाहत उभी राहिली. पत्र्याचे ते दोन कर्णे! एकोणीसशे पंचावन्नपासून दाभोळ ते राजापूर, प्रत्येक बंदरावर त्यांतून मी गरजलो आहे. "मामा, हे लागतात का तुम्हाला?" मी म्हटले, यांतून इतिहास बोलला आहे. ती म्हणाली, "तोंड रुंद आहे, मागे निमुळतं होतं, अगदी हवं तसं. पुढे बसवले तर वारा गोळा करून थेट तबकडीवर सोडतील." मी दोन तास नाही म्हणालो. शेवटी यमुनाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "द्या हो. तीस वर्षं त्यांतून गरम हवाच आली. आता थंड येऊ दे." आता ते कर्णे गाडीच्या नाकाखाली आहेत. एकावर अजून 'जनता' एवढी अक्षरे दिसतात.

पहिली चाचणी मिरजोळ्याच्या सड्यावर झाली. सकाळची वेळ, कातळावर सरळ रस्ता, आजूबाजूला माणूस नाही. मी बाजूला बसलो, कारण पालक या नात्याने बसणे माझे कर्तव्य होते (आणि गंगाराम म्हणाले, "भिकाजीशेट, तुमचं वजन उपयोगाला येईल"). मालनने गाडी शंभरावर नेली. वारा असा की तोंड उघडले तर बोलणेच परत पोटात जाते, हा अनुभव मला नवीन होता. मग ती म्हणाली, "धरा." आणि पाय दाबला. भावोजी, काय सांगू! कोणीतरी पृथ्वीच मागून ओढून धरली. टोपी गेली, चष्मा गेला, तोंडातली सुपारी काचेवर जाऊन चिकटली. गाडी मात्र तिळभर वाकडी न होता, एखादी समंजस बाई उंबऱ्याशी थांबावी तशी उभी. मालनने घड्याळ पाहिले, वहीत काहीतरी लिहिले, म्हणाली, "परत." अशी बारा वेळा. बाराव्या वेळेलाही गाडी तितक्याच अंतरात थांबली. गंगाराम खडूने रस्त्यावर रेघा मारत होते, त्या बाराच्या बारा रेघा एका वितीच्या आत होत्या. तो माणूस तोंडाने कोणाची स्तुती करत नाही. त्यांनी खडू खिशात टाकला आणि म्हणाले, "माझ्या हातून नसतं झालं, बाय."

मी कातळावर बसून राहिलो. मला देऊळ-बिऊळ फार मानवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या बारा रेघांपुढे मी पायातल्या चपला काढल्या होत्या, हे गाडीकडे चालत निघाल्यावर माझ्या ध्यानात आले, कारण पाय पोळले.

आता रविवार. इथून पुढचे पत्र येसूने सावकाश वाचावे.

नवे ब्रेक हळू वेगात किंचाळत. गंगाराम म्हणाले होते की पॅड बसेपर्यंत किंचाळतात, त्यात काही वाईट नाही. रविवारी सकाळी दहाला मांडवीला मच्छीमार सोसायटीपुढे माझे भाषण होते. विषय, चैनीच्या वस्तू आणि कष्टकऱ्याचे जीवन. रिक्षा मिळेना. मालन म्हणाली, मी सोडते. आता त्या विषयावर बोलायला लाल गाडीतून जाणे आधीच अवघड, त्यात ती किंचाळत पोचली तर सगळी सभा वळून बघणार. मी ठरवले होते की अलीकडे वळणावर उतरायचे आणि चालत, घाम पुसत सभेत शिरायचे. त्यासाठी गाडी गुपचूप यायला हवी होती.

मालन आंघोळीला गेली होती. गंगाराम पडवीत चहा पीत होते. भावोजी, तुम्ही कोकणातले आहात, तुम्ही मला समजून घ्याल. आपल्या घरात जे जे कुरकुरते त्याला आपण काय लावतो? रहाटाला काय लावतो? झोपाळ्याच्या कड्यांना? दाराच्या बिजागरीला, पोराच्या कानाला, म्हातारीच्या गुडघ्याला? माझे हात माझ्या डोक्याला न विचारता फडताळाकडे गेले. खोबरेलाची बाटली घेतली, कोंबडीचे पीस घेतले आणि चाकाच्या तारांमधून पीस आत घालून दोन्ही तबकड्यांना, आतून-बाहेरून, देवाच्या मूर्तीला लावावे तसे तेल लावले. तबकड्या अशा चमकल्या की मीच खूश झालो.

ज्या तबकडीला घट्ट धरून ठेवणे हा पॅडचा एकमेव धर्म, तिला मी गुळगुळीत केले. (हे वाक्य मी भाषणात वापरू शकणार नाही, म्हणून इथे लिहितो.)

घरापासून सपाटीवर काही कळले नाही. उताराला लागलो आणि मालनने पाय दाबला. आवाज आला नाही. मला किती समाधान वाटले! मग तिने परत दाबला, आणि तिचा चेहरा मला दिसला. गाडी थांबत नव्हती. खाली वळण, वळणावर टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, पलीकडे सभेचा मांडव, त्यात दीडशे माणसे, माझी वाट पाहत.

"मामा, पाय आत घ्या. दार सोडा." एवढेच ती बोलली. आवाज वर गेला नाही. गियर एकेक करून खाली आणला, प्रत्येक वेळी इंजिन ओरडले आणि गाडीने थोडे ऐकले. हँडब्रेक ओढला, सोडला, ओढला, सोडला. मागची चाके घसरू नयेत म्हणून, हे मला नंतर कळले. तेव्हा मला वाटले ती घंटा वाजवते आहे. वळणावर वळली असती तर बायकांवर गेली असती. ती वळली नाही. समोर दोन होड्यांमधून वाळूकडे उतरणारी वाट होती, गाडीहून हातभर रुंद. त्या वाटेतून तिने गाडी अशी नेली की दोन्ही होड्यांचा रंग जागच्या जागी राहिला. ओल्या काळ्या वाळूत पुढची चाके रुतली, आणि मांडवीच्या पाण्यापासून पंधरा पावलांवर आम्ही थांबलो. एकही टोपली सांडली नाही. मी जिवंत आहे हे मला समजले, कारण मला वास आला. गरम तेलाचा, खमंग.

गंगाराम मागून सायकलवरून धापा टाकत आले. त्यांनी वाकून नाक चाकाशी नेले. "वडे कोण तळतंय इथे?" मग माझ्याकडे बघितले. माझ्या बंडीच्या खिशातून कोंबडीचे पीस डोकावत होते. "डिस्कला तेल लावलंत? भिकाजीशेट, अठ्ठावीस वर्षांत असा शहाणा माणूस मी डेपोत पण पाहिला नाय!"

एवढ्यात सगळी सभा धावत आली. कोणीतरी ओरडले, "पोरीने केलेले ब्रेक, दुसरं काय होणार!" आणि भावोजी, आता ज्यासाठी हे पत्र लिहितो ते. मालन माझ्याकडे बघत होती. मी बंडीचे बटण लावले. माझ्यासमोर माझे दीडशे श्रोते उभे होते आणि माझ्या खिशात पीस होते. मालनने ते पीस काढून घेतले, मुठीत लपवले आणि लोकांना म्हणाली, "ब्रेक नवे आहेत. अजून बसायचेत. माझी चूक." गंगाराम बोलायला लागले तर त्यांच्या पायावर पाय दिला.

मी तीस वर्षे सत्याबद्दल बोलत आलो. सत्य माझ्या खिशातून तिने काढून घेतले आणि मी घेऊ दिले. त्या दिवशी भाषण झाले नाही, आणि सहा दिवस बाजारात तिचे हसे होते आहे. परवा मासळीबाजारात एक बाई तिला म्हणाली, "बाय गो, गाडीला नांगर बांध!" ती हसली. घरी येऊन तिने तबकड्या पेट्रोलने धुतल्या. पॅड मात्र गेले. "तेल प्यायलेलं पॅड दारूड्यासारखं," गंगाराम म्हणतात, "वर सुकलेलं दिसतं, पण विश्वास नाय ठेवायचा."

उद्या रविवारी मांडवीला तीच सभा परत बोलावली आहे. विषय मी बदलला आहे. पीस मालनकडून मागून घेतले आहे, ते सोबत नेणार आहे. भाषण चार वाक्यांचे होईल. सातदा घासून ठेवले आहे.

खुलासा संपला. ब्रेक निर्दोष होते. जो बिघाड होता तो तुमचा मेहुणा होता.

आपला,
भिकाजी नाचणकर

ता.क. येसूला म्हणावे, मला खरचटलेसुद्धा नाही. चष्म्याची एक काडी गेली.

ता.क. दुसरा. आता खरे सांगतो. वर "तुमचा निर्णय अजून व्हायचा असेल असे धरून" असे लिहिले, ते मी जाणूनबुजून लिहिले. तुमची तार बुधवारीच आली. "गाडी विका. मद्रास नाही. मालनला कळवा. महिपत." मी कळवलेले नाही. तार माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. मालन रोज अकरा वाजता फाटकाशी जाऊन पोस्टमनची वाट पाहते आणि परत येऊन कानस घेते. तार मी दाबली हे चूक आहे. पण ती तार तुम्ही मालनच्या ब्रेकांमुळे केलीत, आणि चूक माझ्या खोबरेलाची होती. चुकीच्या माणसाला शिक्षा पोचवायचे काम मला जमेना.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. "हो" म्हणून लिहू नका, दुसरी तारही नको. तुमच्या लिहिण्यावर ती विश्वास ठेवील, पण तुम्ही तिचे ब्रेक मान्य केलेत हे तिला हातात धरून पाहता यावे असे मला वाटते. सोबतच्या कागदावर पॅडचा आकार तिने स्वतः पेन्सिलीने काढला आहे (तिची समजूत आहे की मी तो दुकानदाराला पाठवतो आहे). महिपतराव, कागद घ्या, चपला घाला, भंगारबाजारात जा. चार पॅड स्वतःच्या हाताने निवडा, इंजिनवाल्याच्या डोळ्यांनी तपासा आणि शुक्रवारी संध्याकाळच्या रत्नागिरी एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्या. पुडक्यावर माझे नाव घालू नका. मालनचे घाला.